वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया (सण : ६ फेब्रुवारी)

फेब्रुवारी महिना सुरू झाला की उपासनेच्या दिनदर्शिकेत रक्तसाक्ष्यांची जणू रांगच लागते. ३ तारखेला बिशप संत ब्लेझ, ४ तारखेला तामिळ प्रदेशात सुवार्ताकार्य करून ओरियुर येथे शिरच्छेद स्वीकारणारे संत जॉन डी ब्रिटो, ५ तारखेला सिसिलीची कुमारी संत अगाथा आणि ६ तारखेला आपल्या वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया.

मात्र रोमच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीचे पान उघडले, तर तेथे गोन्सालो यांचे नाव सापडत नाही. ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ एवढीच नोंद तेथे आहे. फ्रान्सिस्कन संघाच्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी संत पीटर बॅप्टिस्ट यांचे नाव अग्रभागी येते. मेक्सिकोमध्ये आदल्या दिवशी, म्हणजे ५ तारखेला, संत फिलिप ऑफ जीझस यांचा सण असतो. त्यांना तेथे फेलिपे दे हेसूस म्हणतात. जपानची ख्रिस्तसभाही ५ तारखेलाच ‘सव्वीस रक्तसाक्ष्यांचा’ सण मोठ्या भक्तिभावाने पाळते. भारतातील ख्रिस्तसभेने मात्र आपल्या दिनदर्शिकेत गोन्सालो यांच्या नावाला स्थान दिले आहे. ही सगळी नावे एकाच टेकडीवर, एकाच सकाळी, एकाच रांगेत क्रूसावर चढविलेल्या माणसांची आहेत. प्रत्येक देशाने आणि प्रत्येक संघाने आपला माणूस आधी ओळखला आणि इतरांना ‘सोबती’ म्हटले, इतकेच.

तारखेचेही थोडे स्पष्टीकरण द्यायला हवे, कारण दरवर्षी कोणी ना कोणी भाविक त्याविषयी विचारतोच. हे रक्तसाक्षी मरण पावले ते ५ फेब्रुवारी १५९७ रोजी. परंतु ५ फेब्रुवारी हा दिवस प्राचीन काळापासून संत अगाथाचा आहे. म्हणून १९६९ साली सुधारित दिनदर्शिका तयार झाली तेव्हा या सव्वीस जणांना पुढचा दिवस मिळाला. जपानमध्ये मात्र त्यांचा सण प्रत्यक्ष मृत्युदिनीच साजरा होतो.

आता आपल्या गोन्सालो यांच्याकडे वळू या. १५३४ च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत वसईचे रूप पालटले. तट उभे राहिले, मठ आणि चर्चेस उभी राहिली. आधी फ्रान्सिस्कन आले, मागोमाग येशूसंघीय आले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पायही या भूमीला लागले. अशा या गजबजलेल्या बंदरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई याच परिसरातील. म्हणजे घरात दोन भाषा, दोन रीतिरिवाज. दोन माणसांच्या मध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगण्याची सवय ज्या मुलाला लागायची, ती अशाच घरात लागते. पुढे त्यांच्या आयुष्याला जे वळण मिळाले, त्याचे बीज याच घरात रुजले असावे, असे मला नेहमी वाटते.

वसईतील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांनी या मुलाला घडविले आणि १५७२ साली, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या गोन्सालो यांना सोबत घेऊन ते जपानच्या मोहिमेवर निघाले. त्या काळात वसईहून जपान म्हणजे जगाचे दुसरे टोक. गोवा, मलाक्का, मकाव अशी मजल दरमजल करीत, अनुकूल वाऱ्याची वाट पाहत जहाजे जात. घरून निघालेला मुलगा परत दृष्टीस पडेल याची शाश्वती नसे. गोन्सालो वसईला पुन्हा कधीच आले नाहीत.

जपानमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे पाऊल ठेवले होते. गोन्सालो पोहोचले तेव्हा त्या घटनेला तेवीस वर्षे झाली होती आणि दक्षिणेकडील क्युशू बेटावर ख्रिस्ती समाज झपाट्याने वाढत होता. नागासाकी हे बंदर नुकतेच, १५७१ साली, पोर्तुगीज व्यापारासाठी खुले झाले होते. तरुण गोन्सालो यांनी येथे सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. जपानी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की परदेशी मिशनऱ्यांपैकी फार थोड्यांना तसे बोलता येई. जपानी भाषेत समोरच्या माणसाचा दर्जा पाहून शब्द बदलावे लागतात. सरदाराशी बोलण्याची भाषा वेगळी, कोळ्याशी बोलण्याची वेगळी. पुस्तकात डोके घालून ही गोष्ट साधत नाही. ती लोकांमध्ये वावरूनच अंगवळणी पडते.

त्यांच्या मनात एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. त्यांनी विनंती केली. ती पुढे ढकलण्यात आली. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. त्या काळात भारतात जन्मलेल्या, विशेषतः मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घेण्यास वरिष्ठ नाखूष असत, हा इतिहास आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्यांच्यासाठी तारुण्य वेचले, ज्यांच्या बरोबर आठ वर्षे खेडोपाडी हिंडलो, त्यांच्याच घराचे दार आपल्यासाठी उघडत नाही, ही गोष्ट एखाद्या तरुणाला कडवट करून टाकण्यास पुरेशी आहे. संतचरित्रे लिहिताना आपण अशा प्रसंगावरून भरभर पुढे जातो. ‘देवाची योजना वेगळी होती’ असे म्हटले की झाले! परंतु त्या दिवसांत गोन्सालो यांना देवाची योजना दिसत नव्हती. त्यांना दिसत होता तो नकार.

ते बाहेर पडले आणि व्यापारी झाले. व्यापारात त्यांचे बस्तान चांगले बसले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, बंदरे ठाऊक होती. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाईन्समधील मनिला शहरी ये-जा करू लागले. मनिला स्पेनच्या ताब्यात होते. तेथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघबंधूंशी संबंध आला. असिसीकर संत फ्रान्सिसच्या या अनवाणी, भिक्षेकरी शिष्यांची राहणी पाहून त्यांची जुनी इच्छा पुन्हा जागी झाली. धंदा सोडून त्यांनी संघाचा झगा अंगावर चढविला, तोही गुरुदीक्षेची अपेक्षा न ठेवता, केवळ व्रतस्थ बंधू म्हणून. गोन्सालो धर्मगुरू होते असे काही पुस्तकांत छापले गेले आहे, आपल्याकडेही ते ऐकू येते. ते धर्मगुरू नव्हते. त्यांनी कधी मिस्सा अर्पण केला नाही, कधी पापनिवेदन ऐकले नाही. ते अखेरपर्यंत ब्रदर गोन्सालो होते.

इकडे जपानमध्ये राजकीय चित्र बदलत चालले होते. ओदा नोबुनागा १५८२ साली मारला गेला आणि त्याच्यामागून तोयोतोमी हिदेयोशी हा सामान्य कुळातला सेनानी सर्व जपानचा सत्ताधीश बनला. १५८७ साली त्याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला. हुकुमाची अंमलबजावणी ढिलीच होती, कारण पोर्तुगीज व्यापार त्याला हवा होता. येशूसंघीय आवाज न करता आपले काम करीत राहिले. पुढे हिदेयोशीची नजर फिलिपाईन्सकडे वळली. मनिलाच्या गव्हर्नरने आपले मांडलिकत्व पत्करावे अशी मागणी त्याने केली. मनिलात घबराट उडाली. तेथील स्पॅनिश सैन्यबळ तुटपुंजे होते.

अशा वेळी, १५९३ साली, गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यास यांनी फ्रान्सिस्कन फादर पीटर बॅप्टिस्ट यांना राजदूत म्हणून जपानला पाठविले. सोबत तीन संघबंधू होते आणि त्यांत एक आपले गोन्सालो. त्यांना का निवडले हे उघड आहे. पीटर बॅप्टिस्ट विद्वान होते, पवित्र जीवन जगणारे होते. पण जपानी दरबारात उभे राहून बोलणार कोण? एकदा दारातून परत पाठविला गेलेला तो वसईचा मुलगा आता दुभाषा म्हणून त्याच देशात परतत होता.

क्युशू बेटावरील नागोया येथे, जेथून हिदेयोशी कोरियावरील स्वारीची सूत्रे हलवीत होता, तेथे या मंडळींची भेट झाली. जगातील एका अत्यंत सामर्थ्यवान आणि लहरी सत्ताधीशासमोर ठिगळांचे झगे घातलेले संघबंधू उभे होते. मागणी होती शरणागतीची. मांडलिकत्व तर पत्करायचे नाही, पण युद्धही ओढवून घ्यायचे नाही, असा तो कठीण पेच होता. दुभाष्याचे काम येथे शब्दाला शब्द ठेवण्याचे राहत नाही. एक आदरार्थी प्रत्यय चुकला तरी अपमान ठरतो. त्या भेटीतून युद्ध उद्भवले नाही. स्पेनच्या राजाकडून उत्तर येईपर्यंत संघबंधूंनी जपानमध्येच राहावे असे ठरले आणि त्यांना राजधानी क्योतो शहरात राहण्याची मुभा मिळाली.

तेथे त्यांनी मठ आणि छोटे चर्च बांधले. ओसाका शहरातही मठ उघडला, त्याला बेथलेहेम हे नाव दिले. परंतु त्यांचे खरे काम पाहायचे तर ते क्योतोच्या दोन रुग्णालयांत. समाजाने टाकलेले कुष्ठरोगी तेथे आणले जात. त्यांच्या जखमा धुणे, त्यांना जेवू घालणे, त्यांच्याशी बोलणे, हा संघबंधूंचा नित्यक्रम होता. यांतली पहिली दोन कामे कोणीही करू शकत होते. तिसऱ्यासाठी गोन्सालो लागत. हळूहळू या मठाभोवती जपानी कुटुंबांचे एक वर्तुळ तयार झाले. कोणी सुतार, कोणी वैद्य, कोणी धर्मशिक्षक. मठात मिस्सेची सेवा करणारी मुलेही होती.

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदवली पाहिजे. फ्रान्सिस्कन आले याचा आनंद सर्वांनाच झाला नव्हता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानचे मिशनकार्य येशूसंघाकडेच राखून ठेवले होते, तर फ्रान्सिस्कन आपला आधार पाचवे सिक्स्टस यांच्या १५८६ च्या पत्रात शोधत होते. एका संघामागे पोर्तुगाल होता, दुसऱ्यामागे स्पेन. दोन्ही मुकुट १५८० पासून एकाच राजाच्या मस्तकावर असले तरी व्यापारातील चुरस संपली नव्हती. येशूसंघीयांना वाटे की हे नवे लोक उघड्यावर प्रचार करून सगळ्यांवर संकट ओढवतील. फ्रान्सिस्कनांना वाटे की गरिबांपर्यंत पोहोचायचे तर लपून कसे चालेल? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. आणि या दोघांच्या मध्ये होते गोन्सालो, एका संघात वाढलेले आणि दुसऱ्या संघाने स्वीकारलेले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. जहाजाच्या नावाड्याने स्पेनच्या साम्राज्याचा नकाशा दाखवून बढाई मारली आणि आधी मिशनरी पाठवून मग मुलूख जिंकण्याची स्पेनची रीत आहे असे सूचित केले, अशी हकीगत सांगतात. या हकिगतीबद्दल स्पॅनिश आणि पोर्तुगीज पक्षांनी पुढे कित्येक वर्षे एकमेकांवर दोषारोप केले. ते काहीही असो, हिदेयोशीचा संताप उसळला. ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, मठांना पहारे बसले.

मृत्युदंडाच्या यादीत प्रथम चोवीस जण होते. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि बाकीचे जपानी प्रापंचिक. मठाच्या स्वयंपाकघरात काम करणारा मथायस नावाचा माणूस यादीत होता, पण शिपाई आले तेव्हा तो बाहेर गेला होता. शेजारच्या त्याच नावाच्या दुसऱ्या एका ख्रिस्ती माणसाने आपणच पुढे होऊन स्वतःला त्यांच्या हवाली केले. अशी ही माणसे! गोन्सालो यांचे ‘सोबती’ म्हणताना हा मथायसही डोळ्यांसमोर आणावा.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोच्या चौकात प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. एका अधिकाऱ्याने तो सौम्य केला. रक्ताळलेल्या अवस्थेत त्यांना गाड्यांवर बसवून शहरातून धिंड काढली, मग ओसाका आणि साकाई येथेही. त्यानंतर सुरू झाली ती नागासाकीपर्यंतची वाटचाल, ऐन हिवाळ्यात, सुमारे आठशे किलोमीटरची. मृत्युदंड नागासाकीलाच द्यायचा, कारण तेथे ख्रिस्ती लोक सर्वांत जास्त. त्यांना जरब बसावी. वाटेत या कैद्यांची सेवा करीत मागे मागे चाललेले दोन जपानी ख्रिस्ती पकडले गेले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत तीन मुले होती : बारा वर्षांचा लुईस इबाराकी, तेरा वर्षांचा अँथनी आणि चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी. थॉमसचा बापही त्याच्याबरोबर चालत होता.

या सव्वीस जणांपैकी वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. म्हणजे जपानी आणि परदेशी या दोन गटांच्या मध्ये, महिनाभराच्या त्या चालीत, दोघांशीही मोकळेपणाने बोलू शकणाऱ्या थोड्यांपैकी गोन्सालो एक होते. संघासंघांतील जुने भांडण या वाटेवर विरून गेले. येशूसंघीय पॉल मिकी आणि फ्रान्सिस्कन पीटर बॅप्टिस्ट एकाच दोरीने बांधले जाणारे बंदिवान झाले होते.

५ फेब्रुवारीच्या सकाळी नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. आपल्याकडील काही चित्रांत गोन्सालो यांच्या हातापायांत खिळे दाखवलेले असतात. जपानी पद्धतीत खिळे नव्हते. हात, पाय आणि मान दोरांनी व लोखंडी कड्यांनी क्रूसाला जखडत, मग क्रूस उभे करीत. समोर बंदराकडून लोकांचा जमाव लोटला होता. येशूसंघातील नामांकित दुभाषी फादर रॉड्रिग्ज यांना परवानगी मिळाल्यामुळे ते क्रूसांजवळ उपस्थित होते. फ्रान्सिस्कन संघबंधूंचे क्रूस रांगेच्या मध्यभागी होते. पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच जमावाला उपदेश केला, मारेकऱ्यांना क्षमा केली. मुले स्तोत्र गात होती. मग भालाईत दोन्ही बाजूंनी पुढे सरकले आणि एकेकाच्या कुशीत भाले खुपसत गेले. गोन्सालो यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

येशूसंघीय इतिहासकार फादर लुईस फ्रॉइस यांनी लगोलग या घटनेचा सविस्तर अहवाल लिहून पाठविला आणि त्याच वर्षी नागासाकीत त्यांचेही निधन झाले. हिदेयोशी पुढच्या वर्षी, १५९८ मध्ये, मरण पावला. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या रक्तसाक्ष्यांना धन्य घोषित केले आणि त्यांची भक्ती सुरू झाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातील मठ ओस पडले. ज्या येशूसंघीयांच्या छायेत गोन्सालो वाढले, त्यांच्या चर्चची दर्शनी भिंत मात्र आजही किल्ल्यात उभी आहे.

संतपदाचा मान मिळायला १८६२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ८ जूनला, पेन्टेकॉस्टच्या सणादिवशी, पोप नववे पायस यांनी रोममध्ये सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केले. पवित्र आत्म्याने प्रेषितांना निरनिराळ्या भाषा बोलण्याचे दान दिले तो हा सण. दुभाषा संताला याहून योग्य दिवस कोणता मिळाला असता?

२००८ साली केरळच्या संत अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा काही ठिकाणी ‘भारताच्या पहिल्या संत’ असे मथळे झळकले आणि वसईच्या अनेक भाविकांना ते खटकले. गोन्सालो यांना तर त्याआधी १४६ वर्षे संत म्हणून मान्यता मिळाली होती. त्यांचे वडील पोर्तुगीज होते म्हणून त्यांना वगळायचे, असा युक्तिवाद कोणी करतात. ज्या माणसाला हयातीत भारतात जन्मलेला म्हणून दारात थांबवले गेले, त्याला मरणोत्तर परदेशी ठरवून पुन्हा थांबवावे, हे मला तरी पटत नाही. आपल्या धर्मप्रांतात गास गावचे चर्च त्यांच्या नावाने आहे, वसईत १९८४ पासून त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. मात्र त्यांची मूर्ती एकटीच उभी असते, सव्वीसांच्या रांगेतून अलग काढलेली. येत्या ६ फेब्रुवारीला मिस्सेनंतर मुलांना त्या उरलेल्या पंचवीस जणांची नावेही वाचून दाखविता येतील. बारा वर्षांचा लुईस मुलांना नक्कीच जवळचा वाटेल.

नागासाकीत पुढे अडीचशे वर्षे धर्मबंदी होती. १८६५ साली तेथील ओउरा येथे या सव्वीस संतांच्या नावाने नवे चर्च बांधून झाले. त्याचे तोंड निशिझाका टेकडीकडे आहे. त्याच वर्षी १७ मार्चला उराकामी गावातील काही माणसे तेथे आली आणि आपली श्रद्धा तुमच्यासारखीच आहे असे त्यांनी फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले. सात पिढ्या, एकही धर्मगुरू नसताना, त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपून ठेवल्या होत्या. टेकडीवर १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडविलेल्या सव्वीस पुतळ्यांचे स्मारक उभारण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथे जाऊन प्रार्थना केली. पुतळे एका ओळीत आहेत, खांद्याला खांदा लावून, आणि गोन्सालो गार्सिया त्या ओळीत आपल्या फ्रान्सिस्कन बंधूंच्या सोबत उभे आहेत.